बँडनं मिळून गाणं कसं रचायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बँडसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्यांची गाणी आम्ही नीट वाजवतो. स्वतःच्या गाण्याला सुरुवात कुठून करायची?

एका छोट्या तुकड्यापासून. दोन किंवा चार बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी सुरावट), बेसची एक चाल, ड्रम्सचा एखादा ठेका किंवा गुणगुणलेली एकच ओळ पुरते. कुणीतरी घरी बसून पूर्ण गाणं रचून आणलं, तर बाकीचे फक्त साथीदार उरतात आणि ते गाणं बँडचं होत नाही. म्हणून आणायचा तो कच्चा तुकडाच, एका वेळी फार तर दोन.

तीन तासांची बैठक साधारण अशी लावा. पहिली पंधरा मिनिटं ट्यूनिंग आणि आवाजाची पातळी जुळवण्यात जातील. मग एकच तुकडा वीस मिनिटं न थांबता वाजवायचा आणि फोनवर सलग रेकॉर्ड करायचा. त्या वीस मिनिटांत बोलायचं नाही. नंतर सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवून ते ऐकायचं आणि कुठल्या मिनिटाला काही चांगलं घडलं तेवढंच कागदावर लिहायचं. वीस मिनिटांतली चाळीस सेकंदं कामाची निघाली तरी बैठक उत्तम झाली असं समजा. पुन्हा वाजवताना त्या चाळीस सेकंदांपासून सुरू करायचं.

इथं हमखास बिघडतं ते एका कारणानं: सगळे एकाच वेळी काहीतरी नवीन करून बघतात. ड्रमर ठेका बदलतो, त्याच क्षणी गिटारवाला कॉर्ड बदलतो, आणि बरं-वाईट कशामुळे झालं ते कुणालाच कळत नाही. एका फेरीत एकानंच बदल करायचा, बाकीच्यांनी आपलं घट्ट धरून ठेवायचं.

आधी शब्द की आधी चाल?

दोन्ही रीती चालतात. बँडमध्ये मात्र बहुतेक वेळा आधी रिफ आणि ठेका, त्यावर अर्थहीन अक्षरांत गुणगुणलेली चाल आणि शेवटी शब्द, हा क्रम सोपा पडतो. गायकानं ‘ला ला’ म्हणण्यापेक्षा ‘आता हे नाही’, ‘जाऊ दे ना’ असले कुठलेही खरे मराठी शब्द तोंडात घोळवावेत. ‘ला ला’वर रचलेल्या चालीत मराठीचे जोडाक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ नसतात, मग शब्द घालताना चाल मोडावी लागते.

मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर बसतच नाहीत असं वाटतं. खरं आहे का?

खरं नाही. गडबड होते ती इंग्रजी गाण्याच्या आराखड्यात मराठी शब्द कोंबल्यामुळे. तीन गोष्टी नीट बघितल्या की बहुतेक अडचण सुटते.

पहिली गोष्ट अक्षरांची मोजणी. ‘रात्री पाऊस पत्र्यावर’ या ओळीत लिहिलेली अक्षरं नऊ आहेत, पण बोलताना रात्‌-री, पा-ऊस, पत्‌-र्या-वर असे सातच उच्चार होतात. शेवटचा ‘स’ आणि ‘र’ बोलताना पूर्ण उच्चारले जात नाहीत. अभंग-ओवीच्या गायकीत ते पूर्ण उच्चारून मोजतात. रॉकमध्ये बोलल्यासारखं गायचं असेल तर उच्चार मोजा, अक्षरं नव्हे. एकाच गाण्यात दोन्ही रीती मिसळल्या तर ऐकणाऱ्याला ओळ अडखळल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट लांब सुराची. लांब सुराखाली दीर्घ स्वर हवा. ‘कळ’ हा शब्द दोन ठोके ओढला की तो जवळजवळ ‘काळ’ ऐकू येतो. ओढायची जागा असेल तिथं आ, ए, ओ असलेला शब्द आणा, ऱ्हस्व अक्षरं पळत्या सुरांना द्या.

तिसरी गोष्ट कोरसच्या शेवटच्या अक्षराची. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर बहुधा तिथंच असतो, आणि मराठी वाक्य ‘नाही’, ‘होती’, ‘गेली’ असं ‘ई’वर संपण्याची फार शक्यता असते. वरच्या पट्टीत ‘ई’ ओढताना गळा आवळतो, आवाज चिरका होतो. शब्दांचा क्रम फिरवा: ‘परत येणार नाही’च्या जागी ‘नाही येणार आता’. अर्थ तोच राहतो आणि तोंड उघडं राहतं.

या सगळ्यासाठी आपल्याकडे तयार साचा आहे, तो वापरायला लाजू नका. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात. चार ठोक्यांच्या बारमध्ये आठ अर्धे ठोके बसतात. म्हणजे पहिल्या तीन बारमध्ये सहा-सहा अक्षरं आणि प्रत्येकी दोन अर्ध्या ठोक्यांचा श्वास, आणि चौथ्या बारमध्ये चार अक्षरं झाल्यावर अर्धा बार पूर्ण मोकळा. त्या मोकळ्या अर्ध्या बारमध्ये गिटारचा रिफ उत्तर देतो. रिफ आणि गाणं एकमेकांवर आदळणं ही नव्या बँडची सगळ्यात मोठी तक्रार असते, आणि ती या साच्यात मुळातूनच टळते. मोजणी अंगवळणी पडली की साचा मोडून बघा.

आपल्या बेळगावी बोलीत गाणं लिहिलं तर चालेल का?

गायक घरात तीच बोलत असेल तर नक्की लिहा. ‘काय करतोयस’पेक्षा ‘काय करूलालास’मध्ये शेवटी तीन दीर्घ उच्चार ओळीनं येतात, आणि ते ठेक्यावर सुरेख बसतात. पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्याला पहिल्यांदा शब्द कळला नाही तरी सूर आणि भाव कळतो. पण एकच ओळ बोलीत आणि बाकी गाणं पुस्तकी भाषेत असं केलं की ती ओळ नक्कल वाटते. पूर्ण गाणं बोलीत ठेवा, निदान पूर्ण अंतरा तरी.

एखादी कन्नड ओळ घालायची आहे. काय सांभाळायचं?

आपल्या बँडमध्ये कन्नड बोलणारा असतोच. ती ओळ त्यालाच रचू द्या आणि शक्यतो त्यालाच गाऊ द्या. कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतात, मराठीतले बरेच व्यंजनावर. त्यामुळे मराठी ओळीच्या मापानं कन्नड ओळ घेतली की शेवटी एक-दोन उच्चार जास्त निघतात. त्या बारमध्ये आधीपासून जागा ठेवा.

शिवाय देवनागरीत कन्नड लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’चा फरक दिसत नाही. ‘कोडु’ ऱ्हस्व म्हटलं तर ‘दे’, दीर्घ म्हटलं तर ‘शिंग’. कागदावरून पाठ करू नका, बोलणाऱ्याच्या तोंडून रेकॉर्ड करून कानानं शिका.

गायक हार्मोनियमवर शिकलेला आहे. तो ‘काळी एक’ म्हणतो, आम्ही ‘ई मायनर’ म्हणतो. पट्टी कशी जुळवायची?

या भागात भजनी मंडळ किंवा नाट्यसंगीतातून आलेले गळे पुष्कळ आहेत आणि ते रॉकला मोठी देणगी आहेत. भाषांतर सोपं आहे. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. हा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून सरावाच्या खोलीत भिंतीवर लावा.

पट्टी गळ्यानं ठरवायची, गिटारच्या सोयीनं नाही. कोरसमधला सगळ्यात वरचा सूर गायकाला सलग दहा वेळा, पूर्ण आवाजात, मान न ताणता लावता आला पाहिजे. सहाव्या वेळी आवाज फाटला तर पट्टी अर्ध्या किंवा एका सुरानं खाली आणा. रिफ रचला त्याच दिवशी ही परीक्षा घ्या. महिन्याभरानं पट्टी बदलली तर मोकळ्या तारांवर बसवलेला रिफ सगळा कोसळतो.

समजा पट्टी काळी एक ठरली. गिटारवर सी शार्पमध्ये मोकळ्या तारा फारशा उपयोगी पडत नाहीत. गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या पट्टीत (फ्रेटमध्ये) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सीचे आकार वाजवा, किंवा चौथ्या पट्टीत कॅपो लावून एचे. रिफ जड हवा असेल तर सहाही तारा अर्धा सूर उतरवा आणि डीचे आकार वाजवा. मात्र उतरवल्यावर तारा सैल पडतात आणि खडखडतात, म्हणून बारीक तारांचा ९-४२चा संच काढून जाड तारांचा १०-४६चा लावा. बेसवाल्यानं कॅपोच्या भानगडीत न पडता खरे सूर शोधावेत. त्याचा सी शार्प ए तारेच्या चौथ्या पट्टीत आहे.

आणखी एक अडचण सुरावटीची असते. गायक मींड घेऊन, सुरांवरून घसरत वर जातो आणि खाली गिटार तीन-तीन सुरांचे भरगच्च कॉर्ड वाजवते, तेव्हा दोन्ही एकमेकांना कापतात. जिथं गायकाच्या खास जागा असतील तिथं गिटारनं दोनच सुरांचे पॉवर कॉर्ड घ्यावेत. त्यात तिसरा सूर नसतो, त्यामुळे गळ्याला वर-खाली फिरायला मोकळीक मिळते.

आमचा ड्रमर ढोल-ताशा पथकातला आहे. हात जबरदस्त आहेत, पण गाणं पळतं.

ताशाच्या हाताला वेग आणि दम असतो, पायांना सवय नसते. पथकात आवाज सतत भरलेला असतो आणि शेवटाकडे लय चढवणं हाच आनंद असतो. गाण्यात लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लागते. सहा आठवडे, प्रत्येक सरावाआधी दहा मिनिटं त्यानं मेट्रोनोमवर (लयीची टिकटिक देणाऱ्या यंत्रावर) ८०च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ८० ठोके, हे वाजवावं: किक (पायाचा मोठा ड्रम) पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्यावर, हाय-हॅट (झांजांची जोडी) अर्ध्या ठोक्यांवर, आणि एकही फिल (दोन भागांमधली जागा भरणारा ड्रम्सचा छोटा तुकडा) नाही.

केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) सगळं वजन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतं. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. सगळ्या बँडनं त्या ठोक्यांवर टाळी देत दोन मिनिटं चालून बघावं, वाद्याविना. फरक शरीरात उतरतो.

फिल किती घ्यायचे? आठ बारमध्ये एक, तोही नवा भाग येतोय हे सांगण्यासाठी. दर चार बारनंतर फिल आला की कोरसच्या आधीच्या फिलचं महत्त्वच उरत नाही. आणि बेसवाल्यानं किकवर कान ठेवावा: जिथं किक तिथं बेसचा सूर. एवढं एक जमलं तरी अर्धा बँड घट्ट झाला.

ताशाच्या त्या सलग वाजणाऱ्या हाताला गाण्यात एक जागा राखून ठेवा, ब्रिज (कोरसांच्या मधला वेगळ्या चालीचा भाग) किंवा सोलोच्या खाली. फक्त एकदाच. इथल्या श्रोत्याच्या अंगावर तिथं काटा येतो.

दोन गिटार, कीबोर्ड, बेस असं सगळं वाजलं की नुसता गलका होतो. काय काढायचं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बँडनं मिळून गाणं रचायचं म्हणजे कुणी कुठं थांबायचं हे मिळून ठरवायचं. कोणी काय वाजवावं ते पुष्कळांना सुचतं, कोणी गप्प बसावं हे क्वचित.

गलक्याचं कारण आधी समजून घ्या. बेसची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची खालची तार सुमारे ८२ला. ऑर्केस्ट्रात वाजवलेला कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवत असतो, कारण तिथं बऱ्याचदा बेस गिटार नसते. बँडमध्ये बेस गिटार आहे, त्यामुळे दोन बेस होतात आणि तळाशी चिखल होतो. कीबोर्डवाल्यानं बेस चालू असताना डावा हात मांडीवर ठेवावा, निदान मधल्या सीच्या खाली जाऊ नये.

दोन गिटार एकाच जागी तोच उघडा जी कॉर्ड वाजवत असतील तर त्या दोन गिटार उरत नाहीत, एकच जाड गिटार होते. एकीनं खालच्या दोन तारांवर तळहात दाबून पॉवर कॉर्ड वाजवावेत, दुसरीनं पाचव्या-सातव्या पट्टीत वरच्या तीन तारांवर. डिस्टॉर्शनची गेन (गिटारचा आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) एकट्यानं वाजवताना छान वाटते त्याच्या निम्म्यावर आणा. जास्त गेननं तारेचा ठोका बोथट होतो आणि रिफ ऐकूच येत नाही.

मग ही परीक्षा करा. कोरस चार वेळा वाजवा आणि दर वेळी एकेका वाद्याला गप्प करा. ज्याच्या जाण्यानं काहीच कमी झालं नाही, त्याचा भाग नव्याने रचायला हवा. त्यात अपमान नाही. त्या वाजवणाऱ्याला गाण्यात स्वतःची जागा अजून मिळालेली नाही, एवढाच अर्थ, आणि ती शोधून देणं सगळ्यांचं काम आहे.

गाणं किती लांब असावं? भाग कसे लावायचे?

आधी हिशेब करा. २४०ला लयीच्या आकड्यानं भागलं की एका बारची सेकंदं मिळतात. ९६ची लय असेल तर एक बार अडीच सेकंदांचा. सुरुवात ४ बार, पहिला अंतरा १६, कोरस ८, दुसरा अंतरा ८, कोरस ८, सोलो ८, शेवटचा दुहेरी कोरस १६, अखेर ४. एकूण ७२ बार, म्हणजे बरोबर तीन मिनिटं.

दुसरा अंतरा पहिल्याच्या निम्मा ठेवला आहे तो मुद्दाम. श्रोत्याला चाल आता माहीत असते. तिथं तेवढाच वेळ घेतला की गाणं रेंगाळतं. प्रत्येक नवा भाग आला की किमान एक गोष्ट बदलली पाहिजे: एखादं वाद्य आत आलं, एखादं बाहेर गेलं, हाय-हॅटवरून राइडवर गेलं. शेवटच्या कोरसआधी एक बार पूर्ण शांतता ठेवून बघा.

मुखडा, अंतरा, कोरस, ब्रिज यांपैकी काय म्हणायचं ते एकदा ठरवून घ्या. भजनातून आलेल्याला मुखडा म्हणजे सुरुवात आणि गिटारवाल्याला कोरस म्हणजे तोच भाग, असा गोंधळ तासन्‌तास खातो. भागांचा क्रम आणि बारचे आकडे लिहिलेला कागद सगळ्यांसमोर चिकटवा.

मतभेद झाले की बैठक तिथंच संपते. कसं सोडवायचं?

वाद घालू नका, दोन्ही वाजवून रेकॉर्ड करा. ‘ते चांगलं वाटणार नाही’ हे वाक्य वाजवायच्या आधी म्हणायला बंदी ठेवा. दोन्ही रेकॉर्डिंग एक रात्र जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी ऐका, शक्यतो कोणतं कुणाचं हे नाव न घालता. बहुतेक वेळा निवड आपोआप होते. तरीही होत नसेल तर मतदानापेक्षा हा नियम बरा: शब्द आणि चालीवर गायकाचा शेवटचा शब्द, ठेक्यावर ड्रमरचा, आणि गाण्याच्या लांबीवर त्या गाण्याचा पहिला तुकडा आणणाऱ्याचा. मतदानात तीन विरुद्ध दोन झालं की दोघं ते गाणं कायम मन मारून वाजवतात, आणि ते वाजवण्यात ऐकू येतं.

जे तुकडे नाकारले ते पुसू नका. तारीख, लय, पट्टी अशा नावानं एका फोल्डरमध्ये ठेवा, उदाहरणार्थ ‘१२ जून, ९६, ई मायनर’. सहा महिन्यांनी त्यातलाच एखादा दुसऱ्या गाण्याचा ब्रिज होतो.

ड्रमर निपाणीला, गिटारवाला खानापूरला, बेसवाला उद्यमबागेत शिफ्टमध्ये. आठवड्याला एकच रविवार मिळतो.

मग रविवार फक्त एकत्र वाजवण्यासाठी राखा. बाकीचं काम आठवडाभर फायलींवर होऊ शकतं. कोणीतरी एकानं ठरलेल्या लयीची क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) आणि रिफ असलेली फाइल बनवून सगळ्यांना द्यायची. प्रत्येकानं आपला भाग त्याच फाइलच्या अगदी सुरुवातीपासून रेकॉर्ड करायचा, आपली पाळी चाळिसाव्या बारला असली तरी. तरच सगळे ट्रॅक एकाखाली एक अचूक बसतात.

फायली वेव्ह स्वरूपात पाठवा. एमपी३ केलं की सुरुवातीला सेकंदाच्या लहानशा अंशाची शांतता जोडली जाते आणि ठेका सरकतो. व्हॉट्सअपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नको, त्यात आवाज दाबला जातो. लॅपटॉपवर ऑडॅसिटी फुकट मिळते आणि एवढ्या कामाला पुरते.

गणपतीच्या आधीचा महिना-दोन महिने पथकाच्या सरावात जातात, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीच्या दिवसांतही तेच. ड्रमरला त्या काळात बोलावण्यात अर्थ नाही. तेव्हा शब्द आणि सुरावटीची कामं काढा.

सराव फक्त फोनवर रेकॉर्ड करतो. सगळं फाटल्यासारखं येतं.

फोन विमान मोडवर टाका आणि ड्रम्सपासून दोन-तीन मीटरवर, कानाच्या उंचीला, जाड कापडावर ठेवा. जमिनीवर ठेवला की बेसची कंपनं थेट आत जातात. तरीही फाटत असेल तर फोन दाराबाहेर ठेवून बघा. रचना तपासायला तेवढं पुरतं.

सरावाची जागा कशी असावी? शेजारी तक्रार करतात.

बंद खोलीत ड्रम्सचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. निवासी भागासाठी कायद्यानं ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शेजाऱ्यांशी आधी बोला, वार आणि वेळ ठरवून द्या, आणि रात्री दहाच्या अर्धा तास आधीच थांबा.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावल्यानं आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेल्या खिडक्या. गाद्या, सतरंज्या आणि गोणपाट खोलीतला घुमारा कमी करतात, आणि तेही आवश्यक आहे, कारण घुमाऱ्यामुळे सगळे आपापला आवाज वाढवत जातात. थर्माकोल आणि स्वस्त फोम टाळा, आगीला निमंत्रण. कानात प्लग सगळ्यांनी घालावेत, ड्रमरनं तर न चुकता.

कौलारू किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंगचा बेत आखू नका. खानापूर-जांबोटीकडे तर पत्र्यावरच्या पावसात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्या दिवसांत ओलीमुळे अकूस्टिक गिटारचं लाकूड फुगतं, तारा फळीपासून वर उचलल्या जातात आणि पट्टी दाबताना सूर चढतो. वाजवून झालं की तारा कोरड्या कापडानं पुसा, पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका.

आता जिवाची गोष्ट. गिटार हातात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर सराव त्याच क्षणी थांबवा. अँप्लिफायर एका सॉकेटवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्यावर असतो, आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं असतं. सगळी यंत्रं एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावर घ्या आणि वायरमनकडून तपासणी करून मगच पुन्हा सुरू करा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढण्याची चूक कधीही करू नका.

हलगी किंवा हार्मोनियम गाण्यात घ्यायची आहे.

हलगीचा ठोका तीक्ष्ण असतो आणि स्नेअरच्या नेमक्या जागी पडतो. दोन्ही एकत्र वाजवू नका: हलगी असेल त्या भागात ड्रमरनं स्नेअर सोडून किक आणि टॉमवर राहावं. कातड्याची हलगी शेकल्यावर चढते आणि दमट हवेत काही मिनिटांत उतरते. रेकॉर्डिंगला दोन हलग्या ठेवा, एक वाजेपर्यंत दुसरी शेकत राहील. मंडपात शेक घ्यायचा तो कापडापासून लांब, उघड्यावर.

हार्मोनियमचे सूर गाण्यापुरते बदलता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. ट्यूनरवर तिची पांढरी सहा बघा. ती १५ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) चढी दाखवत असेल तर सगळ्यांच्या ट्यूनरचा आधार ४४० हर्ट्झवरून ४४४वर आणा, आणि कीबोर्डचंही फाइन ट्यूनिंग तेवढंच बदला. हे विसरलं की सगळे सुरात असूनही गाणं बेसूर लागतं.

गाणं कुणाचं? श्रेय आणि पैसे कसे वाटायचे?

हे गाणं पूर्ण व्हायच्या आधी, मनं स्वच्छ असताना ठरवा. भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती मानतो. दोघांनी मिळून केलेलं आणि वेगळं न काढता येणारं काम संयुक्त कृती ठरतं, आणि त्याचं संरक्षण शेवटच्या हयात निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. नोंदणी सक्तीची नाही. पुराव्याला एक कागद पुरे: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, टक्के किती, सगळ्यांच्या सह्या.

खोलीत बसून सगळ्यांनी रचलं असेल तर समान वाटणी करा असं आमचं स्पष्ट मत आहे. रिफ कुणाचा यावरून भांडणारे बँड त्या गाण्याच्या कमाईपेक्षा मोठं काहीतरी गमावतात. आर. ई. एम. या अमेरिकन बँडनं आपल्या गाण्यांचं श्रेय सगळ्या सदस्यांना एकत्र दिलं, क्वीननं १९८९च्या अल्बमपासून तीच पद्धत धरली.

कंपनीशी करार करताना हे लक्षात ठेवा की २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही, फक्त वारसांच्या किंवा कॉपीराइट संस्थेच्या नावे करता येतो. आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही त्यासाठीची संस्था आहे, तिथं सदस्य व्हा. संतांचे अभंग शब्द म्हणून मोकळे आहेत, पण एखाद्या संगीतकारानं त्यांना दिलेली चाल मोकळी असतेच असं नाही. स्वतःची चाल लावा.

गाणं पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

सलग तीन सरावांत काहीच बदलावंसं वाटलं नाही, आणि गायकानं कागदाशिवाय म्हटलं, की लोकांसमोर न्या. पहिल्यांदा वाजवताना ते कार्यक्रमात तिसरं किंवा चौथं ठेवा, आधी सगळ्यांना माहीत असलेली दोन गाणी. त्यापूर्वी मेट्रोनोमवर लय पडताळा, गर्दीसमोर ती हमखास पाच-दहानं चढते आणि मग अंतऱ्यातले शब्द तोंडात मावत नाहीत. ड्रमरनं चार काठ्या मोजण्याआधी कोरसची ओळ मनात एकदा म्हणून घ्यावी, लय तिथूनच घ्यावी.

कार्यक्रम रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना लोकांच्या आवाजाकडे लक्ष द्या. ते कुठं बोलायला लागले तो बार लिहून ठेवा. बहुधा तो दुसरा अंतरा किंवा लांबलेला सोलो असतो. पुढच्या रविवारी फक्त तेवढाच भाग काढून चार बार कमी करा, आणि नवा आकडा भिंतीवरच्या कागदावर दुरुस्त करा.